डाव्या खांद्यावरून आलेला बॉल

मामा लेथवर वाकला होता आणि मी त्याच्या डाव्या हाताला, दोन फुटांवर, खरवसाचा डबा घेऊन उभा होतो. मशीनच्या आवाजात माझी चाहूल लागली नसेल असं आधी वाटलं. मग त्यानं मशीन बंद केलं, फडक्याला हात पुसले, तरी त्याला माझा पत्ता नव्हता. मी "मामा" म्हणालो तसा तो एवढा दचकला की हातातला पाना खाली पडला. माझ्याकडं बघताना त्यानं नुसती नजर फिरवली नाही, अख्खी मान फिरवली.

"तू होय, दौलत," तो म्हणाला. "फायनलच्या आठवड्यात हिकडं कशाला आलास? तुझ्या वस्तादाला कळलं तर तंगडं मोडंल तुझं."

आईनं खरवस पाठवलाय असं मी सांगितलं. तो हसला, डबा घेतला आणि चहा सांगायला दाराशी गेला. पोऱ्याला हाक मारत तो उभा असताना मी मुद्दाम त्याच्या डावीकडं सरकलो आणि हात हळूच वर नेला, पार त्याच्या कानाशी. त्याची पापणीसुद्धा हलली नाही. डोळा दिसायला धड होता, बुबुळावर एक बारीक पांढरा ठिपका तेवढा होता. पण त्या डोळ्यात काही शिरत नव्हतं.

चहा पिताना माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. मामा माझ्या गुडघ्याची चौकशी करत होता, आईची करत होता. मी हो-ना करत होतो आणि मनात एकच चाललं होतं. रंगराव साळोखेचा डावा डोळा गेलाय, आणि हे अख्ख्या कोल्हापुरात मला एकट्याला ठाऊक आहे.

ही गोष्ट ब्याण्णव सालची. मी तेवीस वर्षांचा होतो, वाघजाई तालमीच्या फुटबॉल संघाचा स्टॉपर. मामा छत्तीसचा, रणझुंजार तालमीचा सेंटर फॉरवर्ड. दोन्ही तालमींच्या पेठा एका रस्त्यानं वेगळ्या झालेल्या. एरवी इकडची माणसं तिकडं दळण टाकायची, तिकडची इकडं दूध घालायची, लग्नं तर पिढ्यान्‌पिढ्या होत आलेली. माझी आई तिकडचीच. पण दोन्ही संघ समोरासमोर आले की त्या रस्त्याची नदी व्हायची. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, वाघजाईचे जुने गोलकीपर. फायनलच्या आठवड्यात ते आईला माहेरी पाठवत नसत. तिनं कधी तक्रार केली नाही. फक्त मॅचच्या दिवशी ती स्टेडियमवर येत नसे, देवघरात बसून राहायची.

मामाबद्दल काय सांगू? आमच्या पेठेत त्याचं नाव घेताना लोक आधी शिवी द्यायचे आणि मग गप्प व्हायचे. आमच्यावर त्यानं किती गोल केले होते याचा हिशोब आबांना तोंडपाठ होता, पण ते सांगत नसत. मी शाळेत असताना वाघजाईचा पिवळा शर्ट घालून गॅलरीत बसायचो आणि मामाच्या पायात बॉल आला की माझ्या छातीत कायतरी व्हायचं. तो हरावा असं वाटायचं आणि त्याच्या पायातनं बॉल जाऊ नये असंही वाटायचं. मोठा झाल्यावर मी स्टॉपर झालो, तो कशासाठी झालो हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला त्याला अडवायचं होतं. गेली तीन वर्षं मी त्याच्यापुढं उभा राहत होतो आणि तीन वर्षं तो मला झुलवून निघून जात होता. आणि अकरा वर्षं आमच्या तालमीत मोठा कप आला नव्हता.

शुक्रवारी प्रॅक्टिस संपल्यावर बाबालाल वस्तादांनी मला बाजूला घेतलं. पेठेत काही लपत नाही. मी उद्यमनगरला मामाच्या कारखान्यात जाऊन आल्याचं त्यांना कळलं होतं. रागावले नाहीत. आईनं पाठवलं होतं म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. मग माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"रंगाचं कायतरी बघून आलाईस तू," ते म्हणाले. "गुडघा हाय, कंबर हाय, काय हाय? सांग. अकरा पोरं हायत आपली."

"काय न्हाई, वस्ताद," मी म्हणालो. "बराच हाय की."

लोकांना वाटेल, भाच्यानं मामाची लाज राखली. तसं नव्हतं. सांगितलं असतं तर सगळेच त्याच्या डाव्या अंगानं आले असते. मग रंगाला अडवला कुणी, तर वाघजाईनं. मला तो माझ्या एकट्याच्या हातानं अडवायचा होता. शुक्रवारी रात्री मी अंथरुणात पडून हेच घोकत होतो. त्याची मान उजवीकडं गेली की आपण डावीकडनं आत शिरायचं.

रविवारी दुपारी शाहू स्टेडियम दोन रंगांत कापल्यासारखं दिसत होतं. एका बाजूला पिवळं, एका बाजूला निळं, मध्ये पोलिसांची एक रिकामी पट्टी. हलग्या, कैताळ, शिट्ट्या. आम्ही मैदानात आलो तेव्हा पायाखालची माती थरथरताना मला खरोखर जाणवली.

पाचव्याच मिनिटाला मामाकडं बॉल आला. गोलकडं पाठ करून, छातीवर घेऊन, त्यानं तो पायात सोडला. मी मागं उभा होतो, पण गेलो नाही. थांबलो. तो सारखा मान फिरवून बघत होता, डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं. ती मान उजवीकडं वळली त्या क्षणाला मी डावीकडनं आत घुसलो आणि बॉल काढून घेतला. मामा मोकळ्या पायानं वळला. त्याला मी दिसलोच नव्हतो. आमची बाजू उठून उभी राहिली.

दहाव्या मिनिटाला पुन्हा तेच. पंधराव्याला पुन्हा. मला वाटतं, पहिल्या हाफात मी सात वेळा त्याच्या पायातला बॉल काढला. तीन वर्षांत ज्याच्या शर्टाला माझा हात लागला नव्हता, त्याच्याजवळनं मी बॉल असा नेत होतो जसा झोपलेल्या माणसाच्या उशीखालनं कुणी किल्ली न्यावी. आमच्या गॅलरीतून "म्हातारा झाला, घरी घाला" असं सुरू झालं. मग त्यांच्याच गॅलरीतून कुणीतरी त्याला बाहेर काढा म्हणून ओरडलं. ते ऐकून मला बरं वाटलं. आज लपवत नाही, फार बरं वाटलं.

एकतिसाव्या मिनिटाला मी काढलेला बॉल आमच्या विंगरकडं गेला आणि त्यातून आमचा गोल झाला. हाफटाइमला आम्ही एक शून्यानं पुढं होतो. बाबालाल वस्तादांनी माझ्या पाठीवरनं हात फिरवला. असा हात त्यांनी आयुष्यात कुणाच्या पाठीवर फिरवलेला मी बघितला नव्हता.

मी पलीकडं पाहिलं. मामा डोक्यावर ओला टॉवेल घेऊन एकटा बसला होता. त्यांचा कॅप्टन त्याच्याशी हातवारे करून बोलत होता. मामानं एकदाच काहीतरी सांगितलं आणि बोटानं मैदानाची कड दाखवली. कॅप्टनला ते पटलेलं दिसलं नाही.

दुसरा हाफ सुरू झाला आणि मामा मधे आलाच नाही. तो जाऊन लेफ्ट विंगला उभा राहिला, अगदी चुन्याच्या रेघेवर. छत्तीस वर्षांचा माणूस, सगळं आयुष्य मधे खेळलेला, आणि विंगला! वस्तादांनी मला बाहेरून खूण केली, जा त्याच्या मागं. मी गेलो. त्याच्या डावीकडं जायला बघितलं आणि थबकलो. त्याच्या डावीकडं रेघ होती. रेघेपलीकडं मैदान नव्हतं. त्याच्या आंधळ्या बाजूला आता कुणी येऊच शकत नव्हतं. जे काय यायचं ते उजवीकडनं, त्याच्या चांगल्या डोळ्यासमोरनं.

पंचेचाळीस मिनिटं मी जे शोधून काढलं म्हणून छाती फुगवत होतो, ते त्यानं टॉवेलाखाली बसून दहा मिनिटांत पुसून टाकलं होतं.

त्यानंतर मी त्याला बॉलला हात लावताना, म्हणजे पाय लावताना, नुसता बघत राहिलो म्हणा. तो पळत नव्हता. त्याला पळायची गरज नव्हती. बॉल पायाशी ठेवून तो माझ्याकडं बघायचा आणि मी ज्या पायावर भार दिला असेल त्याच्या उलट्या बाजूनं जायचा. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला त्यानं मला दोनदा एकाच जागी बसवलं आणि क्रॉस टाकला. त्यांच्या पोरानं नुसतं डोकं लावलं. एक एक.

मग बराच वेळ काही झालं नाही. दोन्हीकडची माणसं थकली होती, हलग्यासुद्धा मंदावल्या होत्या. मला वाटलं आता एक्स्ट्रा टाइम.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला आमचा कॉर्नर फुकट गेला आणि त्यांच्या बॅकनं पार आपल्या गोलजवळून बॉल उंच उडवला. आमची सगळी माणसं पुढं गेलेली. मागं मी एकटा आणि मामा. तो रेघ सोडून तिरका आत, आमच्या गोलकडं पळायला लागला होता. बॉल त्याच्या मागून येत होता, डाव्या खांद्यावरून. मी त्याच्या डावीकडं होतो, एका हातावर. दोन्ही गोष्टी त्याच्या आंधळ्या अंगाला. बॉलही आणि मीही.

त्यानं एकदाच मागं बघितलं. बॉल त्यांच्या बॅकच्या पायातून सुटला त्या क्षणी, उजव्या खांद्यावरून, एकदाच. मग मान सरळ केली आणि पळत राहिला. खाली बघत. जणू कुठं जायचं ते त्याला कुणी जमिनीवर आखून दिलंय.

मी मात्र बॉलकडं बघत होतो. दोन्ही धड डोळ्यांनी. मला वाटलं बॉल लांब पडणार. नंतर वाटलं जवळ. मी उडी घेतली आणि बॉल माझ्या डोक्याला बोटभर चुकवून गेला. मी हवेत असतानाच बघितलं. मामानं न बघता डावा पाय पुढं केला, पान तळहातावर घ्यावं तसा. वीस पुरुष उंचीवरनं आलेला बॉल त्या पायावर येऊन टेकला. उसळला नाही. आवाजसुद्धा आला नाही. पुढच्या पावलाला त्यानं उजव्यानं तो लांबच्या कोपऱ्यात सारला. आमचा गोलकीपर हलला नाही, त्याला कळलंच नव्हतं.

निळी बाजू फुटल्यासारखी ओरडली. मला ते नंतर ऐकू आलं. आधी ऐकू आली ती आमच्या बाजूची शांतता. पंधरा हजार माणसं तोंड उघडं ठेवून बसली होती. शिवी नाही, शिट्टी नाही, कुणी हललं नाही. आबा पहिल्या रांगेत होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

मी जमिनीवर पडलो होतो. मामा त्याच्या संघातल्या पोरांच्या मिठीतनं सुटून माझ्याकडं आला. अख्खी मान वळवून त्यानं माझ्याकडं नीट बघितलं.

"लागलं न्हाई न्हवं?" त्यानं विचारलं आणि हात दिला.

आम्ही दोन एकनं हरलो. संध्याकाळी पलीकडच्या पेठेत गुलाल उडत होता, तो वाऱ्यानं आमच्या दारापर्यंत आला. आबा न जेवता माडीवर गेले. मी स्वयंपाकघरात आईच्या पाठीमागं जाऊन बसलो. ती भाकरी थापत होती. मला कुणालातरी सांगायचंच होतं. आणि मामाची बहीण म्हणून तिला धक्का बसेल, ती रडेल, असं वाटत असूनही मी सांगितलं.

"आई, मामाचा डावा डोळा गेलाय. पार गेलाय. मी गुरुवारी बघितलं."

तिची थाप चुकली नाही. भाकरी तव्यावर टाकून तिनं वरून पाणी फिरवलं.

"तुला गुरुवारी कळलं," ती म्हणाली. "मला आठ वर्षं झाली."

मला आधी काही उमजलं नाही. मग ती सांगत गेली, भाकऱ्या करता करता, माझ्याकडं पाठ करून. चौऱ्याऐंशी साली लेथवर लोखंडाची चीप उडून मामाच्या डोळ्यात गेली होती. मामी तेव्हा बाळंतपणाला गावी गेलेली. आईच त्याला मिरजेला घेऊन गेली. डॉक्टरांनी डोळा ठेवला, दृष्टी गेली म्हणून सांगितलं. घरी आल्यावर मामानं अंगणात बॉल हातात घेतला, वर उडवला आणि झेलायला गेला. बॉल त्याच्या तोंडावर पडला. एका डोळ्यानं माणसाला जवळ काय आणि लांब काय ते कळत नाही, हे त्याला तेव्हा कळलं. त्यानं बूट उचलून चुलीत घातले. आईनं ते बाहेर काढले.

"मग म्हटलं, मी टाकते बॉल," आई म्हणाली. "तू घे. रोज."

चौदा महिने. पहाटे. मला आठवलं, मी दहावीला असताना आई रोज काकड आरतीला अंबाबाईला जायची, आणि आबा तिच्या भक्तीचं कौतुक करायचे. ती देवळात जात नव्हती. ती रस्ता ओलांडून माहेरच्या घरामागच्या परड्यात जायची, पदर खोचायची आणि भावाला बॉल टाकायची. आधी समोरनं. मग डावीकडनं. मग मागनं, डाव्या खांद्यावरनं, उंच. त्यानं एकदाच बघायचं, बॉल हातातनं सुटताना, आणि कुठं पडणार ते ओळखून तिथं जायचं. पहिले चार महिने एकही बॉल त्याला मिळाला नाही. तोंड फुटलं, एकदा नाकाचं हाड मोडलं. ती रडायची आणि पुढचा बॉल टाकायची.

"देवीला सांगून ठेवलंवतं," ती म्हणाली. "तुझ्या नावावर खोटं बोलालीया, माझं काय व्हायचं ते होऊ दे, त्याचं होऊ दे."

मी मनात वर्षं मोजत होतो. शहाऐंशीचा कप. सत्त्याऐंशीला पुण्याच्या संघावर केलेले चार गोल. अठ्ठ्याऐंशीला आमच्यावर केलेली हॅटट्रिक, ज्या रात्री आबा जेवले नव्हते. रंगा साळोखे सारखी मान फिरवतो म्हणून गावातली सगळी पोरं तशी मान फिरवत खेळायची, मीसुद्धा खेळायचो. आम्हाला ती ऐट वाटायची. मी ज्याला अडवायला स्टॉपर झालो तो रंगा दोन डोळ्यांचा कधी नव्हताच. आणि मी समजत होतो की मला त्याचं वर्म सापडलंय.

"मला कधी सांगितलं न्हाईस," मी म्हणालो.

"तू सांगितलंस कुणाला?"

"न्हाई."

"का?"

मी खरं ते सांगितलं. मला एकट्याला त्याला अडवायचं होतं म्हणून. ती वळली आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघून जरा हसली. मला वाटत होतं ती रागवेल.

"त्याचाच भाचा शोभतोस," ती म्हणाली. "जेव आता."

मामा त्यानंतर आणखी एक हंगाम खेळला. डोळ्याचं त्यानं पेठेला सांगितलं ते खेळ सोडल्यावर, तालमीच्या सत्कारात, माइकवर. कुणाचा विश्वास बसला नाही. अजून बसत नाही. पण परड्यातलं त्यानं त्या दिवशीही सांगितलं नाही. आबा होते तोवर ते सांगायचं नाही, असं दोघा बहीणभावांचं ठरलं होतं. आता आबा नाहीत, म्हणून मी सांगतो.

फायनलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्याबरोबर मी बॉल घेऊन आमच्या मागच्या अंगणात गेलो. डाव्या डोळ्यावर रुमाल बांधला. बॉल वर फेकला आणि पाय पुढं केला. बॉल माझ्या मागं पडला. पुन्हा फेकला, तो गुडघ्यावर आदळला. दहा-बारा वेळा झालं. एकही मिळाला नाही.

मागच्या दारात आई उभी होती, कधीची कोण जाणे. ती पायऱ्या उतरून आली. पंचेचाळीसची बाई, नऊवारी लुगडं. तिनं पदर कमरेला खोचला आणि बॉल उचलला. दोन्ही हातांत नाही, एकाच हातावर तोलून, शिवणीवर बोटं बसवून. मग ती माझ्या पाठीमागं चालत गेली, पार कडुलिंबापर्यंत.

"म्होरं बघून पळ," तिनं सांगितलं. "मी हो म्हटल्यावर एकदाच मागं बघायचं."

मी पळालो. ती हो म्हणाली. मी वळून बघितलं तेव्हा बॉल तिच्या हातातून सुटत होता. खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हात एका रेषेत वर गेला होता. बॉल कडुलिंबाच्याही वर चढला आणि माझ्या डाव्या खांद्याच्या दिशेनं वळला. मी पाय पुढं करायचा विसरून गेलो. मी जिथं पोचायला हवा होतो बरोबर तिथं, माझ्यापुढं एका पावलावर, तो पडला.

"आणखी एकदा," आई म्हणाली.